गीझरचा सॉकेट सारखा जळतोय? मीटर ओहमवर लावू नका, लोड चालू ठेवून व्होल्टेज मोजा

आमच्या बाथरूमबाहेरचा गीझरचा सॉकेट तीन हिवाळ्यांत चार वेळा जळला. आग वगैरे नाही लागली, पण दर वेळी तेच, थंडी सुरू झाली की महिनाभरात सकाळी एक विचित्र वास यायला लागायचा, मासळीसारखा. पहिल्यांदा आई म्हणाली शनिवारी सकाळी सकाळी कोण बोंबील भाजतंय, तेव्हा आम्ही हसलो, नंतर कळलं की स्विचबोर्डाचं प्लॅस्टिक तापलं की बऱ्याचदा असाच वास येतो. टॉप, म्हणजे गीझरचा तीन पिनांचा प्लग, काढून बघितला तर सॉकेटचं उजवीकडचं भोक तपकिरी झालेलं आणि टॉपची पिन काळी. उजवीकडचं म्हणजे फेजचं. मग वायरमन काकांना फोन, नवीन सॉकेट, दीड-दोनशे रुपये आणि पुढच्या थंडीत परत तेच.

चौथ्या वेळी मात्र मी ठरवलं की आता नुसता सॉकेट बदलायचा नाही, आधी हे का होतंय ते आकड्यात बघायचं. दहावीला ओहमचा नियम पाठ केलेला, विभवांतर, विद्युतधारा आणि रोध, तो व्ही-आय-आरचा त्रिकोण वहीवर काढून वरचं झाकलं की खालचं काय उरतं ते बघायचं, पण तो घरात कधी लावायची वेळ आली नव्हती. आणि लावायला गेलो तेव्हा पहिले दोन दिवस सगळं चुकीचंच लावलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे त्यांनी माझ्या चुका तरी वाचवाव्यात.

गीझर १५ लिटरचा, साठवणीचा, त्याच्यावर पाटी आहे २००० वॅट, २३० व्होल्ट. एवढ्या दोन आकड्यांवरून बाकीचं निघतं. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे करंट, २००० ÷ २३० = ८.७ ॲम्पियर. व्होल्ट भागिले करंट म्हणजे रोध, २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम. किंवा मधला करंट काढायचाच नसेल तर व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, ५२९०० ÷ २००० = २६.४५. गीझर बंद करून, टॉप काढून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून टॉपच्या दोन खालच्या पिनांवर लावला (थर्मोस्टॅट चालू स्थितीत पाहिजे, नाहीतर काहीच दिसत नाही आणि माणूस उगाच घाबरतो) तर मीटर २६.८ दाखवत होता. म्हणजे एलिमेंट, पाणी तापवणारी कॉइल, ठणठणीत. काका "गीझर बदला" असंही म्हणत होते, ते इथेच बाद झालं.

हे गणित हीटरला जमतं हे लक्षात ठेवा, कारण हीटरची नायक्रोमची कॉइल थंड असताना आणि गरम असताना रोधात थोडाच फरक पडतो. जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब घ्या आणि तेच करा, १०० वॅटच्या बल्बचा रोध गणिताने ५२९ ओहम यायला पाहिजे आणि मीटर दाखवतो चाळीसच्या आसपास, कारण टंगस्टन पेटल्यावर त्याचा रोध दहा-बारा पट वाढतो आणि मीटर तर थंड फिलामेंट मोजतोय. माझ्या भाच्याने हा प्रयोग केला आणि मला येऊन सांगितलं की मामा ओहमचा नियम खोटा आहे. नियम खोटा नाहीये रे बाबा, तू ज्या अवस्थेत मोजलंस त्या अवस्थेत तो बल्ब चालत नाही. हेच वाक्य पुढे सॉकेटलाही लागू पडलं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता काकांचं म्हणणं. काका म्हणाले, "तुमच्याकडे सकाळी व्होल्टेज कमी येतं, व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो आणि सॉकेट जळतो." हे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येक वायरमन म्हणतो आणि ते पूर्ण चूक नाहीये, विहिरीवरच्या मोटारीसाठी ते खरंच आहे. मोटारीला तेवढंच पाणी उपसायचं असतं म्हणून व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट खेचते आणि वाइंडिंग तापतं. पण गीझरला कसलंच काम पुरं करायचं नसतं, तो नुसता रोध आहे. व्होल्टेज कमी तर करंटही कमी. २०० व्होल्टला २०० ÷ २६.४५ = ७.५६ ॲम्पियर, आणि वॅट १५१२. फक्त पाणी तापायला वेळ लागतो, १५ लिटर पाणी २० वरून ६० डिग्रीवर न्यायचं तर २००० वॅटला २१ मिनिटं आणि १५१२ वॅटला जवळजवळ २८. तेवढी आंघोळीची लाइन वाढते घरात, बाकी काही नाही. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले पंचवीस वर्षं काम करतोय. मी गप्प बसलो.

मग माझ्या चुका. पहिली चूक अशी की क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने, करंट मोजला (मित्राकडून आणला, त्याच्याकडे तो एसीच्या कामासाठी असतो), ८.३ आला, आणि व्होल्टेज न मोजता सरळ पाटीवरचं २३० घेतलं. २३० ÷ ८.३ = २७.७ ओहम. अरे, रोध वाढलाय, म्हणजे एलिमेंटवर क्षार चढलाय, असं काहीतरी डोक्यात आलं आणि एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. क्षार बाहेरून चढतो, त्याने पाण्यापर्यंत उष्णता नीट जात नाही, कॉइलचा विजेचा रोध असा बदलत नाही. खरी चूक एवढीच की एका जागचा करंट आणि दुसऱ्याच जागचं, तेही छापील, व्होल्टेज यांचा भागाकार केला. व्होल्टेज त्याच वस्तूच्या दोन टोकांवर आणि त्याच क्षणाला मोजलेलं पाहिजे, तरच तो त्या वस्तूचा रोध.

दुसरी चूक जास्त लोक करतात. सॉकेट आणि टॉपमध्ये लूज आहे का हे बघायला मी मेन बंद केली, टॉप सॉकेटमध्ये घातला आणि मीटर ओहमच्या २०० च्या रेंजवर ठेवून सॉकेटच्या मागच्या स्क्रूपासून टॉपच्या पिनेपर्यंत मोजलं. आलं ०.६. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी ०.५ येतं. म्हणजे काय, काहीच नाही कळलं. साध्या पिवळ्या मीटरला एक ओहमच्या आतलं धड मोजताच येत नाही, त्याच्या वायरींचाच रोध तेवढा असतो, आणि वर तो मोजताना जेमतेम मिलिॲम्पियरमध्ये करंट सोडतो. थंड, नुकत्याच घट्ट दाबलेल्या पिनेतून मिलिॲम्पियर गेला तर सगळं छानच दिसणार. ती पिन वीस मिनिटं आठ ॲम्पियर वाहून तापली की काय करते हे त्यात कधीच दिसणार नाही. बल्बचंच परत, बघा.

तर उपाय हा की ओहम मोजायचेच नाहीत. गीझर चालू ठेवायचा, करंट माहीत करून घ्यायचा आणि वाटेत कुठे किती व्होल्ट गळतात ते बघायचं. गळलेले व्होल्ट भागिले करंट म्हणजे त्या तुकड्याचा रोध, गळलेले व्होल्ट गुणिले करंट म्हणजे त्या तुकड्यात किती वॅट उष्णता होतेय. एवढीच ट्रिक आहे सगळी.

सावध मात्र राहा. चालू लाइनवर बोर्ड उघडून काम करणं ज्यांनी कधी केलं नाहीये त्यांनी ते वायरमनला बरोबर घेऊनच करा, बाथरूमजवळची फरशी ओली असते, आणि रबरी चप्पल म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. मी जे केलं ते असं, प्रत्येक वेळी मेन बंद, मीटरच्या वायरींना क्रोकोडाइल क्लिप, त्या स्क्रूला नीट पकडवल्या, हात मागे, मग मेन चालू, लांबूनच आकडा वाचला, परत बंद. कंटाळवाणं आहे पण हातात जिवंत प्रोब धरून उभं राहण्यापेक्षा बरं. आणि डीबी, म्हणजे घरातले सगळे एमसीबी बसवलेला डबा, उघडायचीही गरज पडली नाही, कारण घरातल्या दुसऱ्या एमसीबीवरच्या (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एखाद्या रिकाम्या सॉकेटला, ज्याच्यावर काहीच चालू नाही, जे व्होल्टेज दिसतं तेच डीबीवरचं व्होल्टेज असतं, त्या वायरीतून करंटच जात नसल्यामुळे तिच्यात काही गळत नाही. फक्त थ्री फेज घर असेल तर तो सॉकेट त्याच फेजवरचा आहे ना ते बघा.

क्लॅम्प मीटर नसला तर अडून बसू नका. विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो, त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्याकडे दुसरा आकडा असू शकतो. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फ्रिज आणि वायफायचा डबा सुद्धा, फक्त गीझर चालू, आणि मोबाईलवर एक मिनिट लावून दिव्याचे लुकलुक मोजायचे. माझे १०१ आले. १०१ गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे १.८९ किलोवॅट. डीबीवरचं व्होल्टेज २२८ होतं, १८९० ÷ २२८ = ८.३ ॲम्पियर. क्लॅम्प मीटरने पण ८.३. खरं सांगतो, हा आकडा जुळल्यावर मला जो आनंद झाला तो दहावीत बोर्डाच्या पेपरला पण झाला नव्हता. (हे गीझर, इस्त्री, शेगडी असल्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंनाच. मोटार, पंखा, एलईडीला व्होल्ट गुणिले ॲम्पियर केलं की वॅट मिळत नाहीत, व्होल्टॲम्पियर मिळतात, त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. आणि मोटारीचं वाइंडिंग ओहमवर दोन-तीन ओहम दाखवतं म्हणून २३० ÷ ३ करून ७७ ॲम्पियर काढून घाबरू नका, तिथे चालताना रोधापेक्षा जास्त अडवणूक कॉइलच्या चुंबकत्वाची असते.)

माझे चालू लोडवरचे आकडे असे आले, करंट ८.३ धरून:

डीबीवर २२८ व्होल्ट
सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर २२४
गीझरच्या आतल्या टर्मिनलवर २२०

हे तिन्ही मी तीन-तीनदा घेतले, कारण लाइनचं व्होल्टेज मिनिटामिनिटाला दोन-तीन व्होल्ट हलतं आणि आपल्याला शोधायचाय फरकच चार व्होल्टचा. पहिल्या दिवशी मी डीबीचं संध्याकाळी मोजलं आणि गीझरचं सकाळी, आणि गीझरवर डीबीपेक्षा जास्त व्होल्टेज निघालं, म्हणजे वायरीतच वीज तयार होत होती बहुतेक आमच्याकडे. दोन मीटर असतील तर दोन्हीकडे एकाच वेळी लावा, एक जण इकडे ओरडेल एक तिकडे.

आता गीझरचा रोध बघा, २२० ÷ ८.३ = २६.५. पाटीवरच्या हिशोबाशी जुळला. एलिमेंटचा विषय इथे कायमचा संपला.

डीबी ते सॉकेट ४ व्होल्ट गळले. ४ ÷ ८.३ = ०.४८ ओहम, आणि ४ × ८.३ = ३३ वॅट. सॉकेट ते गीझर, तिथेही ४ व्होल्ट, तेच ०.४८ ओहम आणि तेच ३३ वॅट. दोन तुकडे, आकडे सेम टू सेम, आणि पहिल्यांदा मला वाटलं म्हणजे दोन्हीकडे सारखाच घोळ आहे. नाहीये.

पहिला तुकडा आधी. डीबीपासून सॉकेटपर्यंत भिंतीतून फिरून साधारण १२ मीटर वायर जाते, जायची एक आणि यायची एक म्हणून २४ मीटर धरायची (हे दुप्पट करायला सगळे विसरतात). ०.४८ ÷ २४ म्हणजे मीटरला ०.०२ ओहम. तांब्याच्या मल्टीस्ट्रँड वायरीचा रोध १ स्क्वेअर एमएम जाडीला किलोमीटरला १९.५ ओहमपर्यंत असतो, दीडला १३.३, अडीचला ७.९८ आणि ४ ला ४.९५. १९.५ म्हणजे मीटरला ०.०१९५. म्हणजे भिंत न फोडता कळलं की ज्याने बिल्डिंग बांधली त्याने गीझरच्या पॉइंटला १ ची वायर ओढलीये, जी लाइट-पंख्याला ओढतात. अडीचची तरी पाहिजे होती, आणि मी परत करेन तर ४ ची करेन. अडीचची असती तर तिथे दीड व्होल्ट गळला असता. चीड आली, पण सॉकेट जळायचं कारण हे नाहीये, कारण ते ३३ वॅट २४ मीटरभर पसरलेत, मीटरला दीड वॅटपेक्षा कमी, वायर नुसती कोमट होते.

दुसऱ्या तुकड्यात आहे काय तर गीझरची स्वतःची दीड मीटरची केबल आणि टॉप-सॉकेटचा संपर्क, बस. केबल दीडची आहे, जाऊन येऊन ३ मीटर, ०.०४ ओहम, म्हणजे ०.३ व्होल्ट. मग उरलेले साडेतीन-पावणेचार व्होल्ट गेले कुठे? ते शोधायला फेजची बाजू आणि न्यूट्रलची बाजू वेगळी मोजली, म्हणजे एक क्लिप सॉकेटच्या मागच्या फेजच्या स्क्रूला आणि दुसरी गीझरच्या आत फेजच्या टर्मिनलला. एकाच तारेची दोन टोकं आहेत म्हणून आकडा छोटा येतो आणि मीटर २०० च्या एसी रेंजवर ठेवता येतो, ०.१ व्होल्टपर्यंत दिसतं. पण सुरुवात ७५० च्या रेंजवरच करा, कारण मध्येच संपर्क सुटला तर पूर्ण २३० त्या मीटरवर येतात. न्यूट्रलला ०.५ आले. फेजला ३.५.

३.५ मधून केबलचे पावणेदोन दशांश वजा केले तर ३.३ व्होल्ट निव्वळ त्या एका पिनेवर. ३.३ ÷ ८.३ = ०.४ ओहम, आणि ३.३ × ८.३ = २७ वॅट. मी रेडिओ दुरुस्तीला वापरतो ती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे आणि तिच्याने कथील वितळतं. म्हणजे आमच्या बोर्डात रोज सकाळी अर्धा-पाऊण तास, हरभऱ्याएवढ्या जागेत, एक पेटलेली सोल्डरिंग आयर्न खोचून ठेवल्यासारखं होतं आणि आम्ही विचारत होतो सॉकेट का जळतो.

आता एमसीबी का पडत नाही, हा प्रश्न मला सोसायटीत तिघांनी विचारला. कारण एमसीबीला फक्त करंट कळतो. इथे करंट वाढलेला नाही, उलट या ०.४ ओहममुळे किंचित कमीच झालाय. २० ॲम्पियरचा एमसीबी ८.३ कडे बघून निवांत आहे. आरसीसीबीला, म्हणजे करंट वाटेत जमिनीत गळला की पडणाऱ्या स्विचला, गळती लागते, ती पण नाहीये, जेवढा गेला तेवढाच परत येतोय. लूज कनेक्शन हे या दोघांच्याही नजरेतून सुटतं, म्हणूनच ते इतकं वाईट. बिलावरही दिसत नाही, ३० वॅट रोज तासभर म्हणजे महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही.

आणि त्याच सॉकेटला मोबाईल चार्जर लावला तर काहीच का होत नाही, तर उष्णता करंटच्या वर्गात जाते. चार्जरचा करंट ०.१ धरला तर ०.०१ × ०.४ = ०.००४ वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीला ४.३५ ॲम्पियर, तिथे साडेसात वॅट, सॉकेट कोमट. गीझरला २७. करंट दुप्पट तर उष्णता चौपट, हे जूलने १८४१ मध्ये मांडलं, दारूच्या कारखानदाराचा मुलगा होता तो. ओहम मास्तरांचा नियम १८२७ चा. म्हणजे दोघांनी सांगून पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली आणि आम्ही व्होल्टेज कमी येतं म्हणून बसलोय.

मग प्रश्न राहिला की नवीन सॉकेट टाकून पण परत परत का. इथे उत्तर आकड्यात नाही, टॉपमध्ये होतं. आधीच्या तिन्ही वेळा सॉकेट बदलला आणि टॉप तोच जुना ठेवला. त्याची फेजची पिन काळी पडलेली, खडबडीत, बारीक खड्डे पडलेले. काका दर वेळी पॉलिश पेपर मारून परत लावायचे. ती खडबडीत पिन नवीन सॉकेटच्या पितळी पाकळ्यांना दोन-चार ठिपक्यांवरच टेकते, ते ठिपके तापतात, पाकळ्यांचा ताण जातो, पकड ढिली होते, पितळावर काळा थर चढतो, रोध वाढतो, आणखी तापतं. एकदा चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही. शिवाय काकांनी शेवटचे दोन सॉकेट ६ आणि १६ ॲम्पियरचे दोन्ही टॉप बसतात तसले आणलेले, सोय असते म्हणून. त्यात बारीक पिन आणि जाड पिन दोन्ही धरायच्या म्हणून पाकळ्यांची रचना तडजोडीची असते, माझं मत विचाराल तर गीझरला तो नकोच. आणि टॉपच्या आत उघडून बघितलं तर केबलच्या तारांचे पाच-सहा धागे कापून टाकलेले, स्क्रूखाली मावत नव्हते म्हणून.

तर आम्ही काय केलं. टॉप आणि सॉकेट एकदम बदलले, दोन्ही १६ ॲम्पियरचे, नुसते १६ चे. केबलच्या टोकांना थिंबल, म्हणजे सगळे धागे एकत्र धरणाऱ्या धातूच्या टोप्या, दाबून बसवल्या, धागे न कापता. सॉकेटच्या मागच्या वायरी थोड्या मागे कापून ताजं तांबं काढलं कारण जळलेलं टोक कडक आणि काळं झालेलं असतं, त्याला स्क्रू कितीही पिळला तरी उपयोग नाही. भिंतीतली वायर ४ ची करायची होती पण जुनी ओढताना अर्ध्यात अडकली, पाइपात कुठेतरी चेपलाय, ते काम फरशी काढतील तेव्हा. तोपर्यंत १ च्या वायरीच्या हिशोबाने २० चा एमसीबी काढून १० चा बसवला, गीझर ८.७ पर्यंतच घेतो त्यामुळे पडत नाही.

परत मोजलं. सॉकेटच्या मागे २२४, गीझरवर पण २२४, कधी २२३ दाखवतो. फेजच्या बाजूला ३.५ च्या जागी ०.२, आणि त्यातला जवळजवळ सगळा केबलचाच. करंट मात्र ८.३ चा ८.४ झाला, मिनिटाला लुकलुक १०१ च्या १०३. शेजारचे भाऊ बघत होते, म्हणाले अहो करंट तर वाढला तुमचा, बिघडवलंत काय. वाढणारच ना, आधी जो वाटेत अडत होता तो आता गीझरपर्यंत पोचतोय. गीझर आधी १८२६ वॅटवर चालत होता, आता १८८० च्या आसपास.

हीच पद्धत इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावा, तिथे तर अजून मजा आहे. १२ व्होल्टची बॅटरी, ५००-६०० वॅटचा लोड, म्हणजे ५० ॲम्पियर आणि वर. टर्मिनलवर पांढरा-निळा फुलोरा चढला आणि तिथे फक्त ०.०१ ओहम झाला तरी अर्धा व्होल्ट गळतो आणि २५ वॅट तिथेच तापतात. मीटर डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरा त्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर, लाइट घालवून लोड चालू. चांगल्या जोडाला मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. आमच्याकडे ०.३ दाखवत होता, गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करून, व्हॅसलीन लावलं आणि गेला. बॅटरी गेली असं म्हणून नवीन घ्यायच्या आधी हे एकदा बघाच.

टॉपच्या आत टेप मारून जोडलेल्या वायरी, माळ्यावरचे पिळून जोडलेले जॉइंट, जुनी चिनी मातीची फ्यूज, स्विचच्या मागचा स्क्रू, सगळीकडे तेच, लोड चालू ठेवायचा आणि दोन्ही बाजूंचा फरक बघायचा. थंड असताना ओहमवर सगळे सज्जन दिसतात.

काका नंतर आले होते दुसऱ्या कामाला. त्यांना मीटरवर ०.२ दाखवला आणि जुना टॉप दाखवला, तो मी मुद्दाम ठेवलाय. त्यांनी तो हातात घेऊन पिनेवरून नख फिरवलं, खड्डे लागले नखाला. म्हणाले, "टॉप पण बदलायला पाहिजे होता." मी म्हटलं हो ना काका. व्होल्टेजचं काही बोलले नाहीत. वरच्या मजल्यावर पण हाच प्रकार आहे, तिथे आम्ही दोघं रविवारी जातोय, मीटर माझा आणि पक्कड त्यांची.